पट बरोबरीत आहे हे दिसत असताना पुढं खेळावं का? (कोल्हापुरातल्या स्पर्धेतला एक डाव)

रंकाळ्याची_हवा
सोमवार, रात्री ९:१२

मंडळी, शुक्रवारपासून एक डाव डोक्यातून जात नाही, म्हणून हा धागा. स्पर्धा आपल्या कोल्हापुरातलीच, राजारामपुरीतल्या एका हॉलमधली. नाव घेत नाही, कारण भांडण स्पर्धेशी नाही.

पहिली फेरी. दोघांना ९० मिनिटं आणि प्रत्येक चालीला ३० सेकंद जादा. पांढऱ्या बाजूला बसलेले काका रेटिंगनं (खेळाच्या ताकदीचा आकडा) एकोणीसशेच्या घरातले, कोल्हापूर-सांगली-इचलकरंजी पट्ट्यात खेळणारे सगळे त्यांना ओळखतात. समोर अकरा वर्षांची मुलगी, रेटिंग दीड हजाराच्या आसपास. फरक चारशेचा धरा. पटावर हात पोचावा म्हणून तिला खुर्चीवर दोन घड्या घातलेली सतरंजी दिली होती.

मुलीनं कारो-कान हा बचाव लावला. सोळाव्या चालीपर्यंत वजिराला वजीर गेला. अठराव्या चालीला तिनं बरोबरी विचारली, काकांनी मान हलवून नाही म्हटलं. मग एकदा तीच स्थिती तिसऱ्यांदा यायच्या बेतात होती, म्हणजे बरोबरीच. काकांनी हत्ती भलतीकडं नेऊन ती मोडली आणि स्वतःचा पट जरा बिघडवून घेतला. तरी पुढं त्यांनी हळूहळू एक प्यादं सोलून काढलं, मग दुसरं. साठाव्या चालीच्या सुमाराला पटावर उरलं ते असं:

पांढरे: राजा एफ४, उंट ई४, प्यादी जी४ आणि एच५.
काळे: राजा जी७, घोडा डी८.

काकांनी जी५ ढकललं. मुलीनं घोडा ई६ वर आणून शह दिला. राजा जी४ वर गेला. आणि तिनं त्या घोड्यानं जी५ वरचं प्यादं मारलं. शेजारी उभा असलेला एक बाप हळूच म्हणाला, "गेला घोडा." काकांनी राजानं घोडा घेतला, पण घेताना त्यांचा चेहरा मी बघितला, त्यांना कळलं होतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. उरलेलं प्यादं एच-स्तंभातलं. ते वजीर होणार एच८ वर, आणि ते घर काळं. काकांचा उंट पांढऱ्या घरांचा. काळा राजा त्या कोपऱ्यात जाऊन बसला की जगातला कुणीही त्याला तिथून हुसकावू शकत नाही. शह देता येत नाही आणि कोंडलं तर पॅट, म्हणजे शह नाही आणि चालही उरली नाही, डाव बरोबरीत.

आता मुद्दा. हे एकोणीसशेच्या खेळाडूला माहीत नसेल असं होत नाही. तरी काका पुढं तीसच्या वर चाली खेळले. मध्ये एच६ ढकलून पन्नास चालींची मोजणी (तेवढ्या पुऱ्या झाल्या की बरोबरी मागता येते) पुन्हा शून्यावर आणली. मुलगी एच८, जी८, एच८, जी८ करत बसली. बाकी सगळे पट उठले होते. दुसरी फेरी अर्धा तास लांबली. शेवटी काकांनी राजा जी६ वर आणून पॅट केलं आणि सही करून उठले.

हॉलबाहेर चहाच्या गाड्यावर दोन तट पडले. एक म्हणे, लहान पोरीला छळायचा प्रकार. दुसरा म्हणे, स्पर्धा आहे, बालवाडी नाही. मी अजून मधेच लटकलोय. तुमचं मत काय?

---

तालीमदार
सोमवार, रात्री ९:४०

भावा, पहिला प्रश्न माझा, असली जोड लावलीच कुणी? खासबागेत कुस्ती लावताना वस्ताद दोन्हीकडची पोरं बघतात, ताकद बघतात, मग जोड ठरते. पोराला हिंदकेसरीपुढं उभा करत न्हाईत. आणि जोड ठरली की निकाली, बरोबरीत सोडवली तर पब्लिक वरडतंय. हितं सगळं उलटंच दिसतंय.

---

आकडेमोड
सोमवार, रात्री १०:०५

@तालीमदार, ही जोड कुणी लावली नाही, पद्धतीनं लागली. स्विस पद्धतीत पहिल्या फेरीआधी सगळे खेळाडू रेटिंगनं उतरत्या क्रमानं लावतात आणि यादी मधोमध कापतात. वरच्या अर्ध्यातला पहिला विरुद्ध खालच्या अर्ध्यातला पहिला, दुसरा विरुद्ध दुसरा. शंभर खेळाडू असतील तर १ विरुद्ध ५१, २ विरुद्ध ५२. त्यामुळं पहिल्या फेरीत सगळेच पट विजोड असतात. पुढं सारख्या गुणांचे एकत्र येतात तसे डाव समतोल होत जातात.

आता काका का उठले नाहीत याचं उत्तर आकड्यांत बघा. फिडेच्या (जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या) तक्त्यात चारशेच्या फरकाला वरच्या खेळाडूकडून ०.९२ गुणांची अपेक्षा असते, खालच्याकडून ०.०८. काकांचा के-गुणक, म्हणजे एका डावानं रेटिंग किती हलायचं ते ठरवणारा आकडा, २० (२४०० च्या खालचा प्रौढ खेळाडू, तीस डाव झालेले). मुलीचा ४०, कारण वय अठराच्या आत.

काका जिंकले असते तर मिळाले असते १.६ गुण. बरोबरी झाली म्हणून गेले ८.४. हरले असते तर १८.४.
मुलीला बरोबरीचे १६.८ मिळाले. जिंकली असती तर ३६.८.

म्हणजे काका दीड गुण कमवायला बसले होते आणि साडेआठ घालवून उठले. वरचा खेळाडू हा सौदा प्रत्येक स्पर्धेच्या पहिल्या फेरीत करतो. खालच्याला गमवायला जवळपास काहीच नसतं, हरली असती तर मुलीचे ३.२ गेले असते.

---

प्यादेपंत
सोमवार, रात्री १०:३१

आकडे बरोबर, पण त्यातून छळाचं समर्थन होत नाही. पट बरोबरीत आहे हे दोघांना कळल्यावर हात पुढं करावा, हा शिष्टाचार आहे. आमच्या वेळी एवढी ताणाताण केली की मंडळातले ज्येष्ठ येऊन खांद्यावर हात ठेवायचे.

---

दीडशहाणा_घोडा
सोमवार, रात्री १०:४४

पंत, "दोघांना कळल्यावर" हेच तर गृहीत धरलंय ना तुम्ही. मुलीला कळलंय हे काकांना कसं कळणार? घोडा दिला म्हणजे पुढचं येतंच असं नाही. पोरं क्लासमध्ये "घोडा दे, कोपऱ्यात जा" एवढं पाठ करतात आणि कोपऱ्यात पोचल्यावर एक दिवस राजा एफ-स्तंभाकडं फिरायला नेतात. कोपऱ्याचं दार एकदा बाहेरून बंद झालं की डाव गेला. काका त्याचीच वाट बघत होते. त्यात गैर काय?

(पॉपकॉर्न घेऊन बसलोय.)

---

सांगलीची_पाहुणी
सोमवार, रात्री ११:०२

आमच्याकडं नूतन बुद्धिबळ मंडळात पहिल्या वर्षाच्या पोरांनाही हा चुकीच्या रंगाचा उंट माहीत असतो. भाऊसाहेब पडसलगीकरांच्या गावची परंपरा आहे. कोल्हापुरात अजून त्यावर धागा निघतो हे बघून मजा वाटली. :)

---

तालीमदार
सोमवार, रात्री ११:०६

आली सांगली! ताई, आमच्यातली ऋचा पुजारी वुमन इंटरनॅशनल मास्टर झाली ती काय कृष्णेच्या पाण्यावर न्हवं, पंचगंगेच्या. नाद करायचा न्हाई.

---

रंकाळ्याची_हवा
सोमवार, रात्री ११:१५

सांगली-कोल्हापूरसाठी वेगळा धागा काढा कृपया, इथं शंभरी तेवढ्यावरच होईल.

---

मूळचा_शिवाजीपेठेतला
मंगळवार, सकाळी ७:५०

(सध्या मुक्काम पुणे.) सगळे शिष्टाचारावर बोलताय, डावाबद्दल कुणी बोलेल का? कारण यात शिकण्यासारखं आहे ते बरोबरीच्या आधीचं.

धागाकर्त्यानं स्थिती दिली तिथं सगळे म्हणतील की चूक जी५. मी म्हणतो चूक त्याच्या कितीतरी आधी झाली, एच४ वरचं प्यादं एच५ ला ढकललं तेव्हा. बघा कसं ते.

मुलीकडं एकच आशा होती: घोडा देऊन जी-प्यादं घ्यायचं, म्हणजे उरतं एच-प्यादं आणि चुकीच्या रंगाचा उंट. तेव्हा पांढऱ्यानं विचार करायचा तो एवढाच की घोड्यानं जी-प्यादं मारलं तर मी ते कशानं परत घेणार. एच-प्यादं एच४ वर आणि जी-प्यादं जी५ वर असतं, तर घोड्यानं मारल्यावर एच-प्याद्यानंच मारायचं. मग एच-प्यादं जी-स्तंभात येतं. जी-स्तंभातल्या प्याद्याला कुठल्याही रंगाचा उंट चालतो, डाव सरळ जिंकलेला. पण एच-प्यादं जी-प्याद्याच्या पुढं गेलं की ते त्याला आधार देऊ शकत नाही. आधार देणारा राजा एकटा उरतो. राजानं मारलं की एच-प्यादं जागच्या जागी आणि बरोबरी.

एच५ नंतरही उपाय होता, घोडा लांब असताना जी५ आणि जी६ असं एका दमात न्यायचं. जी६ ला पोचलं की पुन्हा एच५ चा आधार मिळतो. घोडा डी८ वर असताना, ई६ चा शह डोळ्यासमोर दिसत असताना नव्हे.

आता पुढचं. एकोणीसशेचा माणूस एच५ का खेळतो? समोर तेराशे-चौदाशेची वाटणारी मुलगी असते म्हणून. समोर दोन हजारचा असता तर काका तिथं दहा मिनिटं बसले असते. फरक मोठा असला की वरच्याची बोटं हलकी होतात. "कसंही जिंकतोय" ही भावना डाव खाते, हे मी माझ्या क्लासच्या पोरांना रोज सांगतो आणि ती रोज विसरतात.

---

दीडशहाणा_घोडा
मंगळवार, सकाळी ८:२२

+१. एच-प्याद्याचा मुद्दा मला नवा होता. पट मांडून बघितला, पटला. (कोटी नव्हती करायची, झाली.)

---

कारखान्यावरचा
मंगळवार, सकाळी ११:०८

माझी पोरगी नऊ वर्षांची, नुकतीच खेळायला लागलीय. विचारायचं असं की खालच्या रेटिंगच्या मुलानं तगड्याविरुद्ध काय करावं? क्लासमधले सर सांगतात की मोहरी मारून टाका, पट रिकामा करा, बरोबरी होते. या मुलीनं वजीर मारला तसं.

---

मूळचा_शिवाजीपेठेतला
मंगळवार, दुपारी १२:१५

@कारखान्यावरचा, हा सल्ला निम्मा खरा. वजीर गेला की अचानक मात बसायची भीती कमी होते, हे खरं. पण वरचा खेळाडू सगळ्यात जास्त वरचढ कुठं असतो? डावाच्या शेवटी. पट रिकामा करून तुम्ही त्याला त्याच्या अंगणात नेता. शुक्रवारच्या डावातही तेच झालं. वजीर गेल्यावर काकांनी दोन प्यादी सोललीच की. मुलगी वाचली ती पट रिकामा केल्यामुळं नाही, एक विशिष्ट बरोबरी तिला माहीत होती म्हणून.

मुलांना शेवटाच्या चारच गोष्टी पक्क्या करून द्या. राजा आणि एक प्यादं विरुद्ध राजा, यातलं समोरासमोर उभं राहणं. हा चुकीच्या रंगाचा उंट. हत्ती-प्यादं विरुद्ध हत्ती यात बचाव करणाऱ्यानं हत्ती तिसऱ्या ओळीवर धरून ठेवायचा (त्याच्या बाजूनं मोजून), प्यादं तिथं आलं की हत्ती मागं नेऊन पाठीमागून शह देत राहायचं. आणि विरुद्ध रंगाचे उंट. एवढ्यावर दीड हजाराचं मूल दोन हजारवाल्याला घाम फोडतं. ओपनिंगच्या वीस-वीस चाली पाठ करून नाही.

आणि हो, बरोबरी एकदाच विचारावी. सारखी विचारली तर समोरच्याला त्रास देणं होतं आणि पंच समज देऊ शकतात.

---

जुना_पट
मंगळवार, दुपारी ३:३०

थोडं अवांतर. आमच्या आजोबांच्या वाड्यात देशी पद्धतीनं खेळत. प्यादं सुरुवातीलाही एकच घर चालायचं, राजाला डावात एकदा घोड्याची उडी मिळायची. प्याद्यानं मात केली तर तो मान सगळ्यात मोठा. समोरच्याचा राजा एकटा उरला तर ती बुर्जी, तो पूर्ण विजय नव्हे. म्हणजे नुसतं जिंकून भागायचं नाही, कसं जिंकलात तेही मोजलं जायचं.

विजोड खेळाडूंसाठी त्यांच्याकडं साधा तोडगा होता: तगड्यानं आपला एक हत्ती किंवा घोडा पटावरून उचलून ठेवायचा आणि मग बसायचं. युरोपातही एकोणिसाव्या शतकात हीच रीत होती, पॉल मॉर्फीसारखा खेळाडू घोडा देऊन खेळायचा. दोन्ही बाजू तुल्यबळ व्हायच्या. पुढं ही पद्धत स्पर्धेतून गेली. आता फरक पटावर नाही, रेटिंगच्या हिशेबात भरून काढतात.

---

आकडेमोड
मंगळवार, दुपारी ३:५२

@जुना_पट, शेवटचं वाक्य एकदम बरोबर. हा हिशेब अर्पाद एलोंच्या पद्धतीचा, फिडेनं ती १९७० मध्ये घेतली.

पण एक गोष्ट इथं कुणी काढली नाही. चारशेचा फरक हा कागदावरचा फरक. फिडेनं मार्च २०२४ मध्ये दोन हजाराच्या खालच्या सगळ्यांची रेटिंग एकदम वर उचलली, दोन हजारला जेवढे कमी पडतात त्याच्या चाळीस टक्के भर घालून. हजारचा १४०० झाला, दीड हजारचा १७००. तळही १४०० केला. हे करावं लागलं कारण खालची रेटिंग खेळाच्या मानानं खूप घसरली होती, आणि त्यात मुलं मोठं कारण होती. मूल तीन महिन्यांत सुधारतं, रेटिंग स्पर्धा खेळेल तेव्हाच हलतं. आपल्याकडं वर्षाला चार स्पर्धा खेळणारी पोरं रोज मोबाईलवर दहा डाव खेळतात. त्यामुळं अकरा वर्षांच्या मुलीचं दीड हजार आणि पन्नाशीतल्या माणसाचं दीड हजार हे एकच नाणं नव्हे. काकांनी यादीत आकडा बघितला, वय बघायला हवं होतं.

---

गुळाचा_खडा
मंगळवार, सायंकाळी ६:२०

दिव्या देशमुखचं उदाहरण कुणी दिलं नाही अजून? नागपूरची पोरगी, बाटुमीला २०२५ च्या महिला विश्वचषकात पंधरावं मानांकन घेऊन गेली. दुसऱ्या मानांकनाची झू जिनर गेली, हरिका गेली, तान झोंगयी गेली, फायनलला टायब्रेकमध्ये हंपी. थेट ग्रँडमास्टर होऊन परत आली. रेटिंगला काय अर्थ आहे?

---

दीडशहाणा_घोडा
मंगळवार, सायंकाळी ६:४१

अर्थ आहे. दिव्या आणि हंपीच्या रेटिंगमधला फरक शंभराच्या आतला होता. शंभराला ०.६४ विरुद्ध ०.३६ अशी अपेक्षा असते, म्हणजे तीनात एक तरी लागतोच. चारशेचं दुखणं वेगळं. त्यासाठी उदाहरण घ्यायचं तर २०२३ च्या कतार मास्टर्समध्ये २५१२ च्या सुलेमेनोवनं कार्लसनला हरवलं ते. तिनशेच्या वर फरक. किंवा २०२४ च्या फेब्रुवारीत सिंगापूरचा आठ वर्षांचा अश्वथ कौशिक, स्वित्झर्लंडमध्ये ग्रँडमास्टर स्टोपाला हरवणारा. ही नावं लक्षात राहतात कारण बाकीचे नव्वद टक्के डाव अपेक्षेप्रमाणे गेले आणि कुणी लिहून ठेवले नाहीत.

---

गुळाचा_खडा
मंगळवार, सायंकाळी ६:४४

मान्य. पण पोरगी भारीच.

---

उद्यमनगरी
मंगळवार, रात्री ८:५८

नमस्कार. धाग्यातले काका ते मीच. भाच्यानं लिंक पाठवली, "मामा, तुमच्यावर चर्चासत्र भरलंय" म्हणून. फौंड्रीतली दुसरी पाळी सुरू करून दिली आणि लिहायला बसलो.

एकेक घेतो.

बरोबरी नाकारली अठराव्या चालीला, कारण माझं पटावर बरं होतं. तिसऱ्यांदा तीच स्थिती येऊ दिली नाही, कारण पूर्ण गुणाशिवाय पहिल्या फेरीतून उठलो असतो तर पुढं सगळी स्पर्धा पाठलागात गेली असती. आकडेमोड यांनी हिशेब मांडला तो कागदावरचा. खुर्चीतला हिशेब असा: माझ्या मागं चार पालक मोबाईल खिशात ठेवून उभे, त्यातला प्रत्येक जण मुलीच्या बाजूचा. तिनं चांगली चाल केली की त्यांचा श्वास मला ऐकू येतो. मी जिंकलो तर कुणी विचारणार नाही, न जिंकलो तर संध्याकाळपर्यंत बिंदू चौकात माहीत. तगड्याच्या खुर्चीत बसल्याशिवाय ते कळत नाही.

एच५ बद्दल शिवाजी पेठेतल्या भाऊंनी लिहिलं ते अगदी बरोबर. बोटं हलकी झाली, हे मात्र मान्य नाही. माझ्याकडं तेव्हा सहा मिनिटं होती, तिच्याकडं एकवीस. मला जी६ पर्यंतची साखळी बांधायची होती, तिचा घोडा एक चाल आधी पोचला.

आता मुख्य आरोप. पुढं का खेळलो. मी अजूनही खेळेन. घोडा दिला तिनं, तो ठरवून दिला की नाइलाजानं, हे मला तिच्या तोंडावरून कळत नव्हतं. पोरगी पटाकडं बघत होती, माझ्याकडं एकदाही नाही. मी उंट फिरवून तिला एफ८ कडं यायला दोनदा जागा करून दिली. आली नाही. एच६ ढकलून बघितलं. आली नाही. तेव्हा माझी खात्री झाली. मोठ्या माणसाशी मी असाच खेळलो असतो, मग ती लहान आहे म्हणून पटावर सूट का द्यायची? दिली असती तर तुम्हीच म्हणाला असता, काकांनी पोरीवर दया केली. तिचा अर्धा गुण दयेचा नाही, हे गुणपत्रिकेवर पॅट म्हणून लिहिलेलं राहील. म्हणून बरोबरी विचारली नाही, पॅट केलं.

दुसरी फेरी लांबली त्याबद्दल आयोजकांशी बोललो आहे. तो माझा आणि त्यांचा विषय.

---

प्यादेपंत
मंगळवार, रात्री ९:१५

समोरून बोललात, आनंद झाला. पण मत बदललं नाही. दहा चाली खेळायच्या, खात्री करायची, उठायचं. तीस जास्त झाल्या.

---

उद्यमनगरी
मंगळवार, रात्री ९:१९

पंत, तुम्ही माझ्याशी हत्तीच्या शेवटात साठ चाली खेळलेले आहात. गारगोटीला. आठवतंय?

---

प्यादेपंत
मंगळवार, रात्री ९:२३

तो हत्तीचा शेवट होता. हत्तीच्या शेवटात जीव असतो.

---

तालीमदार
मंगळवार, रात्री ९:२५

काटा किर्रर्र!

---

मावशी_ऑन_ड्यूटी
मंगळवार, रात्री १०:१०

मी त्या मुलीची मावशी. तिचे आई-बाबा त्या दिवशी गावाला होते, मीच घेऊन गेले होते. मला बुद्धिबळातलं फारसं कळत नाही, पण इथं तिच्याबद्दल एवढं लिहिलंय म्हणून दोन गोष्टी.

एक, ती रडली वगैरे नाही. दुसऱ्या एका ग्रुपवर तसं फिरतंय. तिला भूक लागली होती. डब्यातला पराठा फेरी संपल्यावर खायचा असं ठरलं होतं आणि फेरी काही संपेना. मध्येच पाणी प्यायला उठली तेव्हा माझ्याजवळ येऊन बोलली नाही, कारण बोलायचं नसतं, पण पोटावर हात ठेवून दाखवला. माझी काळजी तेवढीच होती.

दोन, तिला ते सगळं माहीत होतं. घरी येऊन तिनं मला साबणाच्या वड्या आणि बटणं मांडून समजावलं. "मावशी, काकांचा उंट पांढरा आहे, तो कोपरा काळा आहे, तो मला बघूच शकत नाही." मी विचारलं, मग तू काकांना सांगायचं ना. तर म्हणाली, "एकदा विचारली होती, परत विचारायची नसते. आणि काका चुकले तर?" म्हणजे तीही वाटच बघत होती. काय चुकणार होते ते मला कळलं नाही.

काकांबद्दल आमची तक्रार नाही. डाव संपल्यावर त्यांनी तिला विचारलं, हे कुठं शिकलीस. ती म्हणाली वहीत. काका म्हणाले, वही जपून ठेव. एवढंच बोलले.

एक शंका. पन्नास चाली कुणी मोजायच्या असतात? मी बाहेर बसून मोजत होते आणि मधेच काकांनी प्यादं हलवल्यावर पंच म्हणाले पहिल्यापासून. मला वाटलं फसवणूक झाली.

---

मूळचा_शिवाजीपेठेतला
मंगळवार, रात्री १०:३८

मावशी, फसवणूक नाही. प्यादं हललं किंवा मोहरं मारलं गेलं की मोजणी शून्यापासून. पन्नास चाली म्हणजे दोन्ही बाजूंच्या पन्नास-पन्नास. मोजायचं खेळाडूनं, आपल्या कागदावरून. आपली पाळी असताना घड्याळ थांबवून पंचांना सांगायचं. पन्नासावी चाल स्वतःच करणार असाल तर ती पटावर न करता आधी कागदावर लिहायची आणि मग दावा करायचा. पटावर मोहऱ्याला हात लावला तर त्या चालीचा हक्क गेला. दावा चुकला तर समोरच्याला दोन मिनिटं जादा मिळतात. पंच आपणहून डाव थांबवतात ते पंच्याहत्तर चालींना, किंवा तीच स्थिती पाचव्यांदा आली की. तोवर त्यांनी गप्प बसायचं असतं, कितीही भूक लागलेली असो.

हे तिला नक्की शिकवा. तीसच चाली झाल्या म्हणून गरज पडली नाही, पुढच्या वेळी पडेल.

आणि परत विचारायची नसते हे ती म्हणाली ते बरोबर आहे. "काका चुकले तर" म्हणाल तर तिथं काका हरू शकत नव्हते, तिच्याकडं राजाशिवाय काही नव्हतं. पण वाट बघणं चांगलं.

---

कारखान्यावरचा
मंगळवार, रात्री १०:५०

"काका चुकले तर" हे भारी. माझ्या पोरीला उद्याच वही घेऊन देतो.

---

उद्यमनगरी
मंगळवार, रात्री ११:०४

मावशी, तिचं पुढं काय झालं? मला दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत वेळ मिळाला नाही बघायला. मी स्वतः पुढचे तीन जिंकलो आणि पाचव्यात आपटलो.

---

मावशी_ऑन_ड्यूटी
मंगळवार, रात्री ११:१२

दुसऱ्या फेरीत एका दादाबरोबर हरली. तिसऱ्या फेरीत तिच्याच वर्गात बसणारा मुलगा आला समोर, त्याचं रेटिंग पण तिच्याएवढंच. बावीस चालींत हरली. घरी आल्यावर त्याच्यावर चिडली होती, काकांवर नाही.

---

आकडेमोड
मंगळवार, रात्री ११:२०

सारख्या रेटिंगशी हार म्हणजे अपेक्षा ०.५, गुणक ४०, वजा २०. काकांकडून आणलेले १६.८ वर्गमित्राला देऊन वर ३.२ पदरचे. दुसऱ्या फेरीतल्या दादाचं रेटिंग कळलं तर पूर्ण हिशेब करून देतो.

---

तालीमदार
मंगळवार, रात्री ११:२२

तिला म्हणावं त्या वर्गमित्राबरोबर परत जोड लाव. निकाली.